जीपच्या पुढच्या चाकांची बेअरिंगं: पाण्यातून आल्यावर हब का उघडायचा

बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. लांबच्या वाटेला निघायच्या आधी गाडीवान खीळ काढायचा, चाक थोडं बाहेर ओढायचा, आसाला वंगण चोपडायचा आणि चाक परत आत लोटायचा. कोरड्या आसाची गाडी कुरकुरते, बैलांना जड जाते आणि आस झिजतो, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. जीपच्या पुढच्या चाकाचं काम याच जातीचं आहे. आसावर आता पोलादी रोलर फिरतात आणि वंगण सीलच्या आड असतं, एवढंच. पण आड असल्यामुळेच घोळ होतो. ग्रीस खराब झालेलं बाहेरून दिसत नाही, आणि आवाज येईपर्यंत कुणाला त्याची आठवण होत नाही.

माझ्याकडे १९९२ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. पावसाळ्यात मुळशी, वेल्हे, ताम्हिणीच्या बाजूला कच्च्या वाटांवर ती फिरते आणि वर्षातून चार-सहा वेळा तरी ओढ्यांत उतरते. तिची पुढची बेअरिंगं मी स्वतः उघडतो. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज या अमेरिकी कंपनीची जीप जोडायला घेतली, आणि त्या जीपचा पुढचा हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं तो मधला पोकळ तुंबा, पुढे कित्येक मॉडेलांमध्ये जवळजवळ तसाच उतरला. म्हणून इथे जे सांगतोय ते पुढे अखंड ॲक्सल, दोन टेपर रोलर बेअरिंग आणि दोन मोठे नट असलेल्या गाड्यांबद्दल आहे. बाहेर अजूनही अशा खूप जीप चालत्या आहेत.

आत काय असतं

चाक काढून हबच्या आत डोकावलं, तर मधोमध एक पोकळ पोलादी नळी दिसते. हे स्पिंडल. ते नकलला (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या पोलादी सांध्याला) बोल्टने पक्कं बसवलेलं असतं आणि फिरत नाही. त्याच्या पोकळीतून ॲक्सल शाफ्ट बाहेर येतो आणि टोकाच्या फ्लँजमधून (बोल्टने बसणाऱ्या चकतीतून) किंवा लॉकिंग हबमधून (शाफ्ट चाकाला हवा तेव्हा जोडता-सोडता येणाऱ्या झाकणातून) चाकाला फक्त फिरवतो. गाडीचं वजन शाफ्टवर नसतंच. ते सगळं स्पिंडलवर, म्हणजे त्याच्यावर बसलेल्या दोन बेअरिंगांवर असतं. एक आतल्या बाजूला, नकलजवळ. दुसरं बाहेर, नटापाशी.

प्रत्येक बेअरिंगचे दोन तुकडे असतात. एक रोलरवाला, ज्यात आतली रिंग, तिच्याभोवती रोलर आणि रोलरांना अंतरावर धरणारा पत्र्याचा पिंजरा असतो. दुसरा तुकडा म्हणजे बाहेरची गुळगुळीत रिंग. तिला मेकॅनिक कप म्हणतात आणि ती हबमध्ये घट्ट ठोकून बसवलेली असते. हे रोलर सरळ नळकांडी नसतात, एका टोकाला किंचित निमुळते असतात. शाळेतल्या खडूसारखे.

तो खडू टेबलावर आडवा ठेवून टिचकी मारा. तो सरळ जात नाही, गोल फिरतो. जाड टोकाला जास्त अंतर कापायचं असतं, बारीक टोकाला कमी, म्हणून तो एका बिंदूभोवती वळसा घेतो. टेपर बेअरिंगची सगळी हुशारी या वळशात आहे. आतली रिंग, रोलर आणि कप यांचे उतार असे घासलेले असतात की सगळ्यांच्या रेषा वाढवल्या तर त्या आसावर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर त्या उतारांवर न घासटता निव्वळ लोळतो. शिवाय उतार असल्यामुळे तो वरून येणारं वजनही पेलतो आणि बाजूने येणारा रेटाही. अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली या बेअरिंगचं पेटंट घेतलं. ते घोडागाड्या बनवणारे होते. वळणावर चाकाला बाजूने किती रेटा बसतो, हे असा माणूस रोज बघत असणार.

बाजूचा रेटा किती असतो, याचा साधा हिशेब मांडतो. टायरचा जमिनीला टेकलेला भाग आसापासून सुमारे ३६ सेंटिमीटर खाली आहे. दोन बेअरिंगांमधलं अंतर ६ सेंटिमीटर धरू. तिरक्या उतारावर चाक दगडाला घासून २०० किलोचा रेटा बाजूने बसला, तर ३६ भागिले ६ म्हणजे सहापट, अशा दराने बेअरिंगांवर बाराशे किलोचा जोर येतो. एकाला वर, दुसऱ्याला खाली. मुठीत मावणाऱ्या एवढ्याशा वस्तूवर! सपाट डांबरी रस्त्यावर हा रेटा वळणापुरताच असतो. जंगलवाटेवर तो क्षणोक्षणी दिशा बदलतो.

मोठे टायर आणि बाहेर काढलेली चाकं यांबद्दल इथेच बोलून घेतो. टायर मोठा केला की वरच्या हिशेबातले ३६ सेंटिमीटर वाढतात. स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची जाड चकती) टाकून किंवा टायर बाहेर काढणारी रिम बसवून चाक बाहेर आणलं की गाडीचं वजन दोन बेअरिंगांच्या मधून न जाता बाहेरच्या बेअरिंगकडे सरकतं. गाडी रुबाबदार दिसते हे खरं. पण ती हौस केली असेल तर हब उघडायचे दिवस निम्म्यावर आणा. त्याला पर्याय नाही.

पाणी आत शिरतं कसं

सील चांगलं असताना पाणी आत कसं जाईल, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर सीलपेक्षा हवेत आहे.

घाट उतरताना ब्रेक तापतात. ड्रम तापतो, ड्रमला चिकटलेला हब तापतो आणि हबच्या पोकळीतली हवा पसरून हळूहळू बाहेर निसटते. समजा हब ८० अंशांवर आहे. खाली ओढा लागतो आणि आपण त्याच गतीने चाकं २५ अंशांच्या पाण्यात घालतो. हब झटक्यात थंड होतो. आत उरलेली हवा आकसते आणि दाब सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो. बाहेर पाणी दबा धरून बसलेलंच असतं. सीलची रबरी ओठाळी आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये आणि वरवरचे शिंतोडे आत येऊ नयेत एवढ्यासाठी असते. आतून कुणीतरी ओढतंय अशा अवस्थेत ती फार काळ टिकत नाही. हब पाण्याचा एक घोट घेतो. पुढच्या ओढ्याला आणखी एक.

म्हणून घाट उतरून आल्यावर पाण्यात शिरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबा. चहा घ्या, पाण्याची खोली काठीने पाहा, उतार कुठे आहे ते चालत जाऊन बघा. तेवढ्यात हब निवतो. माझ्या मते बेअरिंग वाचवणारा यापेक्षा स्वस्त उपाय नाही. ॲक्सलच्या ब्रीदरचंही (हवा आत-बाहेर जाण्याच्या छोट्या तोंडाचंही) तसंच आहे. तिथे नळी लावून वर बॉनेटपर्यंत न्यावी, नाहीतर डिफरेन्शियल (ॲक्सलच्या मधली गिअरची पेटी) हाच घोट तेलात घेतं.

आत गेलेलं पाणी काय करतं? ग्रीस म्हणजे खरं तर तेलच. साबणाचा एक बारीक जाळीदार गोळा स्पंजसारखं ते तेल धरून ठेवतो आणि लागेल तसं सोडतो. रोलर आणि कप यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो केसाच्या कितीतरी पट पातळ असतो, आणि सगळं वजन त्या पापुद्र्यावर असतं. त्यात पाणी आलं की पापुद्रा जागोजागी तुटतो आणि पोलाद पोलादाला लागतं. घुसळलं गेलं की ग्रीस दुधाळ होतं, अगदी दुधाच्या चहासारखं दिसतं. गाडी चालती असताना एवढंच. खरं नुकसान गाडी उभी असताना होतं. रविवारी पाण्यातून आलेली गाडी पुढचा शनिवार येईपर्यंत पार्किंगमध्ये उभी राहते. प्रत्येक रोलर जिथे कपाला टेकलाय, तिथे पाण्याचा थेंब अडकून गंजाची एक बारीक उभी रेघ उमटते. पुढच्या फेरीत प्रत्येक रोलर त्या रेघांवरून ठेचकाळत जातो. माझ्या जीपच्या चाकाला किलोमीटरमागे साधारण ४४० फेरे पडतात. एका खरबरीत रेघेला किलोमीटरभरात किती ठोकरा बसत असतील, याचा अंदाज यावरून करा.

डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची बेअरिंगं किलोमीटर मोजून उघडली तर चालतं. चिखलपाण्याच्या गाडीला तो हिशेब लागू पडत नाही. माझा नियम असा आहे: पाणी हबच्या मध्यापर्यंत आलं असेल आणि गाडी त्यात थोडा वेळ उभी राहिली असेल, तर त्याच आठवड्यात निदान एक हब उघडून बघायचा. ग्रीस स्वच्छ निघालं तर दुसरा सोडून द्यायचा. दुधाळ निघालं तर दोन्ही करायचे. आणि पाणी लागो न लागो, दसऱ्याच्या आसपास पावसाळा संपला की दोन्ही बाजू उघडायच्याच. गाडीची पूजा तर आपण करतोच, तेव्हा आदल्या रविवारी हे काम करून टाकायचं.

कोकणात किनाऱ्यालगत खारं पाणी लागलं तर आठवडाभरही थांबू नका. आणि एक कळकळीची विनंती. घरी आल्यावर वॉशिंग सेंटरला प्रेशरच्या पाण्याचा झोत थेट हबच्या मागच्या सीलवर मारू देऊ नका. ओढ्याने जे केलं नाही ते तो झोत करतो.

आवाज यायच्या आधी आणि आल्यावर

बेअरिंग गेल्याची घरघर सगळ्यांना माहीत असते. वेग वाढवला की वाढते, क्लच दाबून गाडी न्यूट्रलला सोडली तरी जात नाही. कुठल्या बाजूची ते ओळखायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी वळवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर जातं, म्हणून आवाज तेव्हा वाढला तर संशय डाव्यावर. मात्र खडबडीत ऑफरोड टायर स्वतःच इतके गुंजतात की त्यांच्या आवाजात बेअरिंगचा आवाज लपतो. म्हणून कानापेक्षा हातावर भरवसा ठेवा.

पुढचं चाक जॅकवर उचला, खाली घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. निव्वळ जॅकवर उचललेल्या गाडीला हात घालू नका. आता चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, जाणवला की कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना बांधले जातात. ब्रेक दाबूनही चाक डुलत असेल तर किंगपिन (ज्यावर नकल वळतं तो खुंटा) बघा. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवल्यावर खडखड आली तर बहुतेक वेळा टायरॉडचे (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचे) एंड असतात. हे वेगवेगळं न करता ‘प्ले आहे, नट आवळा’ असं म्हणणारे लोक बरंच नुकसान करतात.

दुसरी हाताची परीक्षा उष्णतेची. ब्रेक फारसा न लावता पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबा आणि दोन्ही हबजवळ हाताची पालथी बाजू न्या. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एक जास्त तापला असेल तर एक तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग अडचणीत आहे. डिस्क ब्रेकच्या गाडीत आणखी एक खूण मिळते. खराब वाटेनंतर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल खोल जातं, दुसऱ्यांदा नीट लागतं. ढिल्या बेअरिंगमुळे डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. पुष्कळ जण अशा वेळी ब्रेक ऑइल बदलत बसतात.

उघडताना

लॉकिंग हब किंवा फ्लँजचे बोल्ट काढा, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (खाचेत बसलेली स्प्रिंगची रिंग) काढा, फ्लँज ओढून घ्या. आत पहिला नट दिसेल, हा चेकनट. त्यामागे पत्र्याचा लॉक वायसर, ज्याच्या कडा नटावर दुमडलेल्या असतात. त्याच्यामागे दुसरा नट, बेअरिंगचं सेटिंग करणारा. या नटांसाठी खोल बॉक्स पाना मिळतो, तो विकत घ्याच. छिन्नी आणि हातोडीने नट फिरवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. कितीतरी जीपचे हे नट चावलेल्या भाकरीसारखे झालेले असतात. छिन्नीने नट निघेल, पण सेटिंगला जो बारीक अंदाज लागतो तो छिन्नीने कधीच येणार नाही. शिवाय उडालेली पोलादाची कपची बेअरिंगमध्येच जाऊन बसते.

नट निघाले की ड्रम धरून थोडा हलवा. बाहेरचं बेअरिंग आपोआप पुढे येतं. ड्रम अडला तर ब्रेक शू आधी ढिले करा. जुन्या ड्रममधली काळी पूड फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मागचं सील उचकटून काढा. ते परत वापरायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी. त्याच्यामागून आतलं बेअरिंग निघेल. डावं-उजवं, आतलं-बाहेरचं यांची सरमिसळ होऊ देऊ नका. चार वेगळे डबे घ्या आणि वर खडूने लिहा. ज्या रोलरांची ज्या कपाशी वर्षानुवर्षं सवय झाली आहे, त्याच कपात त्यांनी परत जायला हवं.

डिझेलमध्ये ब्रशने धुवा, मग पांढऱ्या स्वच्छ कापडाने टिपा. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे अडकतात. कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग गरगर फिरवायचा मोह आवरा. त्या सुऽऽ आवाजाची मजा वाटते, पण कोरडं बेअरिंग त्या वेगात स्वतःला ओरबाडतं आणि पिंजरा तुटला तर रोलर गोळीसारखे सुटतात.

आता उजेडात नीट बघा. हे काम घाईत उरकू नका. पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला सगळंच चकचकीत दिसलं होतं. मग शेजारच्या मेस्त्रीकाकांनी कप उन्हाकडे तिरका धरला आणि नखाने चाचपला. नख एका जागी हलकेच अडकलं. डोळ्याला तिथे ढगाळ डाग होता, तांदळाच्या दाण्याएवढा. पोलादाचा पापुद्रा सुटायला लागला होता. तेव्हापासून मी नखाने बघतो. करड्या पुसट छटा चालतात. निळसर किंवा तपकिरी झाक म्हणजे बेअरिंग तापून गेलंय. सारख्या अंतरावर उभ्या रेघा म्हणजे पाणी. नख अडकेल असा खड्डा म्हणजे काही विचार न करता नवं. आणि नवं म्हणजे रोलर आणि कप, दोन्ही. नव्या रोलरला जुन्या कपात घालणं म्हणजे नवी चप्पल दुसऱ्याच्या पायाच्या ठशावर चालवणं.

विकत घेताना जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर घेऊन जा. विलीज जीपच्या पुढच्या हबमध्ये रोलरवाल्या भागाचा नंबर १८५९० आणि कपाचा १८५२० असतो. तुमच्या गाडीत हब कुणी बदललेला असू शकतो, म्हणून नंबर स्वतः वाचूनच घ्या. बेअरिंगमध्ये नकली माल पुष्कळ फिरतो. पुण्यात चिंचवडला, जमशेदपूरला, जयपूरला नावाजलेल्या कंपन्यांचे कारखाने आहेत, अस्सल माल देशात बनतो आणि मिळतो. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घ्या. निम्म्या किमतीत मिळणारं बेअरिंग का स्वस्त आहे ते वाटेत कळण्यात अर्थ नाही.

जुना कप मागून पितळेच्या पंचाने, समोरासमोर आळीपाळीने ठोकत काढतात. नवा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हब उन्हात. कप आकसतो, हब पसरतो, काम निम्मं होतं. मग जुन्याच कपाची बाहेरची बाजू घासून थोडी लहान करायची आणि तो उलटा वर धरून ठोकायचा. कप तळाला टेकला की ठोकण्याचा आवाज बदलतो. आधी भरडा, मग एकदम टणक. त्या आवाजाकडे कान ठेवा. अर्धवट बसलेला कप आज ठीक वाटतो आणि पन्नास किलोमीटरवर सरकून तुमचं सगळं सेटिंग ढिलं करतो.

ग्रीस भरणं

आपल्याकडे व्हील बेअरिंगला एपी थ्री ग्रीस सांगायची पद्धत आहे. तीन हा आकडा घट्टपणाचा. ही मोजपट्टी तीन शून्यांपासून सहापर्यंत जाते, आणि चाकाच्या बेअरिंगला साधारण दोन किंवा तीन चालतं. घट्टपणापेक्षा साबण कुठला ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साधं लिथियम ठीक आहे. लिथियम कॉम्प्लेक्स जास्त उष्णता सोसतं, म्हणून घाटाच्या गाडीला ते बरं. पाण्यात वारंवार जाणाऱ्यांनी कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस बघावं, ते पाण्याला दाद देत नाही. सोडियमचं मात्र टाळा, ते पाण्यात विरघळतं. एका जातीच्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचं भरू नका. दोन चांगली ग्रीसंही एकत्र आल्यावर कधीकधी पातळ होऊन वाहून जातात. म्हणून धुताना जुन्याचा अंशही ठेवायचा नाही.

भरायची पद्धत हाताची. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या. बेअरिंगची रुंद बाजू खाली करून, कड गोळ्यात रुतवत तळहातावर खरवडत ओढा. पुन्हा पुन्हा. थोड्या वेळाने पिंजऱ्याच्या वरच्या, बारीक बाजूने ग्रीसच्या छोट्या शेवया वर येताना दिसतील. त्या आल्या म्हणजे आतपर्यंत भरलं. मग बेअरिंग थोडं फिरवून पुढचा भाग. पूर्ण गोल झाल्याशिवाय थांबायचं नाही. वरून लेप फासून दिलेलं बेअरिंग बाहेरून अगदी असंच दिसतं, आणि आतून कोरडं असतं. गॅरेजमध्ये काम देणार असाल तर ही शेवयांची पायरी उभं राहून बघा.

हबच्या पोकळीत कपांच्या कडेला समपातळीत येईल इतका थर द्यावा. ठासून भरलं तर ग्रीस घुसळलं जाऊन तापतं आणि सीलमधून ब्रेकवर येतं. स्पिंडलवर पातळ हात फिरवा, पाणी आलंच तर तिथे गंज धरत नाही. स्पिंडलच्या पोकळीत शाफ्टसाठी पितळी बुश असतो, त्यालाही द्या. तो नेहमी विसरला जातो. नव्या सीलच्या ओठालाही थोडं ग्रीस लावा आणि सील लाकडाचा तुकडा ठेवून सगळीकडून सारखं ठोकत बसवा. स्प्रिंगवाली ओठाळी ग्रीसच्या दिशेला, म्हणजे आत.

नटाचं सेटिंग

सगळं कौशल्य इथे आहे. हब चढवला, बाहेरचं बेअरिंग सरकवलं, आतला नट हाताने लावला. आता नट आवळताना दुसऱ्या हाताने चाक सतत फिरवत राहायचं, दोन्ही दिशांना. चाक स्थिर ठेवून आवळलं तर रोलर वाकडे अडकतात आणि नट घट्ट झाल्याचा खोटा भास होतो. फिरवल्याने ते आपापल्या जागी जाऊन बसतात. चाक जड फिरू लागेपर्यंत आवळा, म्हणजे सगळं तळाला बसलं. मग नट मागे घ्या, साधारण एका फेऱ्याचा सहावा हिस्सा. षटकोनी नटाची एक बाजू.

घट्ट केलेलं मागे का घ्यायचं? कारण गाडी चालल्यावर ही सगळी वस्ती तापणार आहे. रोलर, रिंग सगळं फुगणार. थंड असतानाच जागा उरली नसेल, तर गरम झाल्यावर रोलर चेपले जातील, त्याने आणखी उष्णता, त्याने आणखी फुगवटा. ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि बेअरिंग जाम होतं. उलट फार ढिलं ठेवलं तर सगळं वजन दोन-तीन रोलरांवरच येतं, चाक डुलतं आणि सीलचा ओठ एका बाजूने उघडा पडून पाण्याला वाट देतो.

सहावा हिस्सा म्हणजे किती? आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर धरलं तर पाव मिलिमीटर. हे जास्त वाटेल, पण काम अजून संपलेलं नाही. लॉक वायसर घालून चेकनट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांमधल्या मोकळेपणाइतका आत ढकलतो आणि प्ले कमी होतो. म्हणूनच शेवटची तपासणी चेकनट पूर्ण आवळल्यावर करायची, आधी नाही. चाक बोटाने ढकललं की मोकळं फिरावं, आणि वर-खाली धरून हलवल्यावर अगदी पुसट टिक जाणवावी. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं मीटर) असेल तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आत आणा. कमी-जास्त वाटलं तर सगळं सोडून पुन्हा करा. मला अजूनही दोन-तीन वेळा करावं लागतं. एकदा मी काकांना विचारलं होतं, “काका, नक्की किती ढिलं ठेवायचं?” ते म्हणाले, “हाताला कळलं पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये.” समाधान झालं की वायसरच्या कडा दोन्ही नटांवर दुमडा. वायसर नवा वापरा, दुमडलेला पत्रा दुसऱ्यांदा तुटतो.

घट्ट नटाचं काय होतं ते मी एकदा भोगलंय. भोरहून वरंध घाटाने महाडकडे निघालो होतो. वाटेत डाव्या चाकाला थोडा प्ले वाटला, म्हणून रस्त्याकडेच्या एका गॅरेजात दाखवलं. तिथल्या पोराने वायसर सरळ केला आणि लांब दांड्याच्या पान्याने नट दणकून आवळला. प्ले गेला, मीही खूश झालो. घाट उतरून खाली आलो तर डाव्या हबमधून जळक्या तेलाचा वास. उघडलं तेव्हा बाहेरचं बेअरिंग निळं पडलेलं, पिंजरा चुरगळलेला आणि आतली रिंग स्पिंडलवर चिकटून तिच्याखाली चरे पडलेले. दीड-दोनशे रुपयांच्या ग्रीसच्या कामाऐवजी स्पिंडलच बदलावं लागलं.

नव्या गाड्यांमध्ये यातलं फारसं काही करता येत नाही. २०२० साली आलेल्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, आणि आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये बेअरिंग बंद युनिटच्या रूपात येतं. ग्रीस कारखान्यात भरलेलं, सेटिंगही तिथेच झालेलं. तिथे आपलं काम प्ले, आवाज आणि उष्णता तपासायचं. बिघडलं की पूर्ण युनिट बदलायचं आणि मधला नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर, म्हणजे तेवढ्याच जोराने, टॉर्क पान्यानेच आवळायचा. पाण्याआधी थांबायचा नियम मात्र तिथेही तसाच पाळा.

काम झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून प्ले बघा. नवे कप थोडे आणखी बसतात, तेव्हा एकदा हलकं सेटिंग लागू शकतं. लांबच्या वाटेला जाताना मी सीटखालच्या डब्यात एक पूर्ण बेअरिंग, एक सील, दोन लॉक वायसर, अर्धा किलो ग्रीस आणि तो बॉक्स पाना ठेवतो. डब्यातलं बेअरिंग नवं नाही. मागच्या वेळी नखाच्या परीक्षेत पास होऊनही बदललेलं जुनंच आहे, ग्रीस भरून मेणकागदात गुंडाळलेलं, आपल्या कपासकट. वर खडूने लिहिलंय: डावं, बाहेरचं.